तीन पिना आणि एक मीटर : कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची मूळ शंका एकच आहे : ‘वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळालं’ असं कोणी सांगितलं, तर ते खरं की नाही हे कसं ओळखायचं? म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. पुढची उत्तरं वाचताना ते डोक्यात असू द्या.

प्रश्न : आमचा २३० लिटरचा फ्रिज सुरू केला की मागून ‘टक्’ आवाज येतो, आठ-दहा सेकंद घूं घूं होतं आणि पुन्हा ‘टक्’ होऊन सगळं शांत. दोन-तीन मिनिटांनी परत तेच. पाहायला आलेल्या मेकॅनिकने झाकणही न उघडता कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. खरंच बदलावा लागेल का? (एक वाचक, धायरी)

झाकण न उघडता हे सांगता येत नाही. तुम्ही वर्णन केलेला आवाज म्हणजे मोटरला वीज मिळते आहे, पण ती फिरत नाही. आठ-दहा सेकंदांनी ओव्हरलोड तापून सर्किट तोडतो, तो आवाज थांबतानाचा ‘टक्’. थंड झाल्यावर तो पुन्हा जोडतो, तो घूं घूं परत सुरू होतानाचा. मोटर न फिरण्याची कारणं चार असू शकतात : रिले (सुरुवातीपुरती स्टार्टिंग वाइंडिंगला वीज देणारा भाग) खराब, स्टार्टिंग वाइंडिंग (मोटरला पहिला धक्का देणारं) तुटलेलं, कॉम्प्रेसर आतून जाम, किंवा व्होल्टेज कमी. यांपैकी रिले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येणारा, म्हणून तो आधी पाहायचा.

मोजणी अशी करायची. फ्रिजचा प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. कॉम्प्रेसरच्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण क्लिप दाबून काढा. आत ओव्हरलोड आणि रिले पिनांवर बसवलेले दिसतील. कुठली वायर कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मग दोन्ही सरळ बाहेर ओढून काढा. फ्रिजला कपॅसिटर असेल तर त्याच्या वायरीही सोडवा. आता कॉम्प्रेसरवर तीन उघड्या पिना राहतील. डिजिटल मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी त्याची दोन टोकं एकमेकांना लावून पाहा. मीटर ०.३ किंवा ०.४ दाखवेल. तो वायरींचा स्वतःचा रोध आहे, तो प्रत्येक आकड्यातून वजा करायचा.

मग पिनांना १, २, ३ अशी नावं देऊन तीन जोड्या मोजा. समजा १ आणि २ मध्ये ३१ ओहम आले, २ आणि ३ मध्ये १९, आणि १ आणि ३ मध्ये १२. सगळ्यात मोठा आकडा १–२ या जोडीचा आहे, म्हणजे त्या जोडीत नसलेली पिन, ३, ही कॉमन, दोन्ही वाइंडिंगची समाईक. कॉमनपासून कमी रोध दाखवणारी पिन रनिंगची, म्हणजे मोटर चालती ठेवणाऱ्या वाइंडिंगची (इथे १), जास्त दाखवणारी स्टार्टिंगची (इथे २). आणि १२ अधिक १९ बरोबर ३१, म्हणजे बेरीज जुळली. बेरीज जुळणं स्वाभाविकच आहे : रनिंग आणि स्टार्टिंग यांच्या टोकांवर मोजलं की मीटर दोन्ही वाइंडिंग एकामागोमाग ओलांडून जातो.

कुठल्याही जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल, तर वाइंडिंग तुटलेलं आहे. बेरीज अर्ध्या-एक ओहमपेक्षा जास्त चुकली, तर आधी पिना बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा मोजा. गंज आणि तेलाचा थर आकडे बिघडवतो. शेवटी एक टोक पिनेवर आणि दुसरं कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळीवर लावा. काळ्या रंगावर लावू नका, रंग वीज अडवतो आणि बॉडी शॉर्ट (वाइंडिंग टाकीला टेकलेलं) असूनही मीटर गप्प राहतो. मीटर सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवूनही इथे काहीच दिसता कामा नये.

तीनही आकडे आले, बेरीज जुळली आणि बॉडीकडे काही गेलं नाही, तर वाइंडिंग शाबूत असण्याची शक्यता खूप मोठी. मग रिले हातात घेऊन कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजत असेल तर त्यातली चकती फुटली आहे. न वाजणाऱ्या रिलेच्या दोन भोकांमध्ये थंड असताना, मॉडेलप्रमाणे, साधारण ५ ते ५० ओहम यायला हवेत. रिले बदलूनही तसंच होत असेल आणि भिंतीतलं व्होल्टेज ठीक असेल, तर कॉम्प्रेसर आतून जाम झाला आहे. तेव्हा मात्र बदलण्यावाचून पर्याय नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. वाइंडिंगचे पाच-दहा वेढे आपसांत चिकटले असतील, तर रोध एखाद्या ओहमनेच कमी होतो आणि साध्या मीटरला ते कळत नाही. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू होतो, पण पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा दीडपट-दुप्पट करंट घेतो आणि ओव्हरलोड उडवतो. तिथे वायरीभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो.

प्रश्न : आयटीआयला प्रॅक्टिकलमध्ये पिना ओळखायला शिकवलं, पण दोन वाइंडिंग मुळात लागतातच कशाला आणि स्टार्टिंगची तार बारीक का, हे नीट समजलं नाही. (एक विद्यार्थी, औंध)

सिंगल फेजवर एकच वाइंडिंग असेल, तर त्याचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते जागच्या जागी वाढतं, कमी होतं, उलटतं, पुन्हा वाढतं. सेकंदाला ५० वेळा हे चक्र चालतं. रोटरला दोन्ही दिशांचा ओढा सारखाच, म्हणून तो उभ्या जागी थरथरतो आणि घूं घूं करतो. त्याला एकदा कुठल्याही एका दिशेने फिरवलं, तर मात्र तो त्याच दिशेने फिरत राहतो. आपल्याला फक्त तो पहिला धक्का हवा असतो.

तो धक्का देण्यासाठी दुसरं वाइंडिंग पहिल्याशी काटकोनात बसवतात आणि त्यातला करंट पहिल्याच्या करंटपेक्षा थोडा आधी येईल अशी व्यवस्था करतात. बारीक तारेचं कारण इथेच आहे. रनिंग वाइंडिंगची तार जाड, रोध कमी आणि इंडक्टन्स जास्त. त्यातला करंट व्होल्टेजच्या बराच मागे राहतो. स्टार्टिंगची तार बारीक, रोध जास्त आणि इंडक्टन्स तुलनेने कमी. त्यातला करंट कमी मागे राहतो. दोन करंटमध्ये अंतर पडलं की क्षेत्र एका दिशेला सरकू लागतं. स्टार्टिंगच्या मार्गात कपॅसिटर घातला तर हे अंतर ९० अंशांच्या जवळ जातं आणि धक्का कितीतरी जोरदार होतो.

बारीक तारेची किंमत मात्र मोजावी लागते. फ्रिजच्या साध्या मोटरमध्ये हे वाइंडिंग फार तर सेकंदभर वीज घेण्यासाठी बनवलेलं असतं. ते सर्किटमध्ये अडकून राहिलं तर बघता बघता तापतं आणि इन्सुलेशन जळतं. जळालेल्या कॉम्प्रेसरमध्ये अनेकदा स्टार्टिंगच गेलेलं आढळतं ते यामुळे. मूळ गुन्हेगार असतो त्याला वेळेवर बाजूला न करणारा रिले. परीक्षेत ‘रिलेचं काम काय’ विचारलं तर ‘मोटर सुरू करणं’ एवढंच लिहू नका. सुरू झाल्यावर स्टार्टिंगला बाहेर काढणं, हे त्याचं अर्धं काम आहे.

प्रश्न : दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर. स्टार्ट आणि रन यांच्यात आकडा येतो, पण कॉमनपासून दोघांकडेही काहीच नाही. कॉमनची तार आत तुटली म्हणून ग्राहकाला नवा कॉम्प्रेसर सांगितला आहे. बरोबर केलं ना? (एक मेकॅनिक, कोथरूड)

घाई झाली असं वाटतं. एसीच्या अनेक कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड बाहेर नसून आत, वाइंडिंगला चिकटून, कॉमनच्या मार्गात बसवलेला असतो. तो उडाला की मीटर तुम्ही लिहिलं आहे तेच दाखवतो : स्टार्ट–रन जिवंत, कॉमन मेलेला. कॉम्प्रेसरला हात लावून पाहा. हात टिकत नसेल इतका गरम असेल, तर आतला ओव्हरलोड उघडलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या जाड लोखंडी टाकीच्या आत तो थंड व्हायला तासभर, एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर त्याहूनही जास्त वेळ लागतो. एमसीबी बंद करा, आउटडोअरचं पॅनेल उघडून समोर टेबल फॅन लावा आणि टाकी नुसत्या हाताला गार लागेपर्यंत थांबा. पाणी ओतायचा मोह टर्मिनलच्या बाजूला तरी आवरा.

गार झाल्यावरही कॉमन उघडाच असेल, तर तुमचं निदान खरं. आकडे परत आले, तर कॉम्प्रेसर का तापला ते शोधायचं : कंडेन्सरवर धूळ, बंद पडलेला फॅन, कमी गॅस, किंवा कमकुवत कपॅसिटर. वाइंडिंग गरम असतानाच मोजलं तर आकडे थोडे जास्त येतात, तेही लक्षात असू द्या. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना १२ ओहम असलेलं वाइंडिंग १५ ओहम दाखवत असेल, तर ते साधारण ९० अंशांवर आहे. एसीत रनिंग वाइंडिंग एक-दोन ओहमचंच असतं, तिथे मीटरच्या वायरींचा ०.३ ओहम वजा केला नाही तर निष्कर्षच बदलतो.

प्रश्न : पिना त्रिकोणात असतील तर वरची कॉमन, डावी स्टार्ट, उजवी रन असा नियम ऐकला आहे. तो पाळावा का?

नाही. काही कंपन्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये तसा क्रम असतो, काहींत नसतो, आणि त्रिकोण उलटा बसवलेला असला की सगळंच फिरतं. स्टार्ट आणि रन यांची अदलाबदल झाली, तर बारीक वाइंडिंगवर थेट २३० व्होल्ट येतात. तीन आकडे मोजायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, शिवाय वळवाच्या पावसात वीज जाते आणि काही सेकंदांत परत येते. त्याच वेळी फ्रिज घूं घूं करून बंद पडतो. सकाळी मात्र उत्तम चालतो. कॉम्प्रेसर कमकुवत झाला का? (एक वाचक, वाघोली)

सकाळी उत्तम चालतो, म्हणजे कॉम्प्रेसरवर संशय घ्यायचं कारण नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत.

व्होल्टेजचं पहिलं. मोटर उचलण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १८० झाले म्हणजे व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण जोर ६१ टक्क्यांवर येतो. १६० ला तो निम्म्याखाली जातो. मोटर उचलत नाही, उभ्याउभ्या चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. ओव्हरलोड दर वेळी वाचवतो, पण दिवसाला वीस-पंचवीस वेळा असं होत राहिलं तर त्याचेही पॉइंट झिजतात.

आता विजेच्या लपंडावाचं. तुमच्या फ्रिजमध्ये बहुधा पीटीसी रिले आहे. त्यात एक चकती असते. थंड असताना तिचा रोध कमी, म्हणून सुरुवातीला स्टार्टिंग वाइंडिंगला करंट मिळतो. त्याच करंटने ती सेकंदाच्या आत शंभर अंशांच्या वर तापते, रोध हजारो ओहमवर जातो आणि स्टार्टिंग जवळपास बंद होतं. फ्रिज चालू असेपर्यंत ती गरमच राहते, त्यासाठी २ ते ४ वॉट वीज सतत खाते. वीज जाऊन पाच सेकंदांत आली, तर चकती अजून गरम असते, स्टार्टिंगला करंट मिळत नाही. शिवाय नळ्यांमधला दाबही समान झालेला नसतो, त्यामुळे मोटरवर ओझं पूर्ण. दोन्ही अडचणी तीन ते पाच मिनिटांत आपोआप सुटतात.

म्हणून तुम्हाला लागणारा स्टॅबिलायझर असा हवा : कमी व्होल्टेज उचलून देणारा, एका ठरावीक पातळीखाली सरळ वीज तोडणारा, आणि वीज परतल्यावर किमान तीन मिनिटं थांबून जोडणारा. त्यातली ही थांबण्याची सोय सगळ्यात महत्त्वाची, आणि घेताना नेमकी तीच विचारायची राहून जाते. तो येईपर्यंत वीज गेली की फ्रिजचं बटण बंद करा आणि वीज आल्यावर पाच मिनिटांनी लावा. १८० हे रोजचंच असेल, तर महावितरणकडे लेखी तक्रार नोंदवा. शेजाऱ्यांचीही नोंद झाली तर उत्तम.

प्रश्न : जुन्या १६५ लिटरच्या फ्रिजला गुंडाळीचा रिले आहे. दुकानात नेमका मिळाला नाही म्हणून ‘थोडा मोठा’ दिला. फ्रिज उचलतच नाही. (एक वाचक, सदाशिव पेठ)

मोठा म्हणूनच उचलत नाही. या रिलेची गुंडाळी रनिंग वाइंडिंगच्या मार्गात असते. सुरुवातीचा मोठा करंट तिच्यातून गेला की आतला दांडा वर खेचला जातो आणि स्टार्टिंगचा पॉइंट जुळतो. वेग आला की करंट उतरतो आणि दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. मोठ्या कॉम्प्रेसरच्या रिलेला खेचायला जास्त करंट हवा, तो तुमचा कॉम्प्रेसर देत नाही. उलट चूक जास्त महागात पडते : लहान रिले लावला तर चालू करंटवरही दांडा वरच राहतो आणि स्टार्टिंग जळतं. हाच धोका रिले उलटा बसवला तरी असतो. त्यावर वरच्या दिशेचा बाण किंवा खूण असते, ती पाहूनच बसवा. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लिहून घेऊन त्यालाच चालणारा रिले आणि ओव्हरलोड, दोन्ही जोडीने घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करतानाही तोंडी ‘१६५ लिटरचा’ म्हणू नका, नंबर दाखवा.

प्रश्न : एसीच्या कपॅसिटरवर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं. घरात तर २३० येतात. ३७० चा स्वस्त मिळतो, तो चालेल का? आणि खराब कसा ओळखायचा? (एक वाचक, चिंचवड)

मूळचा ४४० चा असेल तर ३७० चा लावू नका. मोटर फिरायला लागली की स्टार्टिंग वाइंडिंगमध्ये स्वतःचं व्होल्टेज तयार होतं आणि कपॅसिटरच्या टोकांवर घरातल्या व्होल्टेजपेक्षा बरंच जास्त येतं. जास्त व्होल्टेजचा चालतो, कमीचा नाही. मायक्रोफॅरडचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, आकडा मात्र तोच हवा. एसीत हा कपॅसिटर कायम सर्किटमध्ये असतो, त्यामुळे चुकीचा आकडा म्हणजे दिवसभर चुकीचा करंट.

तपासण्याआधी एमसीबी पाडा आणि १५ ते २० हजार ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन टोकांना काही सेकंद धरून साठलेली वीज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा. त्यात कपॅसिटर आतून खराब होतो आणि डोळ्यांना धोका असतो. मग वायरी सोडवून कपॅसिटन्सच्या रेंजवर मोजा. ३६ मायक्रोफॅरड, ५ टक्के असं लिहिलं असेल तर ३४.२ ते ३७.८ च्या आत यायला हवा. तीस-एकतीसवर उतरलेला कपॅसिटर मार्चमध्ये निभावतो आणि मेच्या दुपारी कॉम्प्रेसर उचलत नाही. डोकं फुगलेलं दिसलं तर मोजण्याचीही गरज नाही. तीन टोकांचा असेल तर ‘सी’ समाईक, ‘फॅन’ पंख्याचा आणि ‘हर्म’ कॉम्प्रेसरच्या स्टार्ट पिनेचा. दोन्ही भाग वेगवेगळे मोजा.

स्टार्ट कपॅसिटर हा वेगळा प्रकार, काळ्या डब्यातला. तो सेकंदापुरताच असतो. कॉम्प्रेसर उचलत नाही म्हणून तो रिलेशिवाय थेट जोडून देणारे आहेत. असा कपॅसिटर फुटतो आणि जाताना स्टार्टिंग वाइंडिंगही नेतो. असं काम कोणी करत असेल तर थांबवा.

प्रश्न : भाजीपाल्याच्या शीतखोलीचा थ्री फेज सेमी-हर्मेटिक (मोटर आतच, पण बोल्ट खोलून उघडता येणारा) कॉम्प्रेसर वर्षभरात दोनदा जळाला. दोन्ही वेळा वाइंडिंग नवं करून घेतलं. वाइंडिंगवाला चुकतोय का? (एक व्यापारी, गुलटेकडी)

दोनदा जळाला म्हणजे जाळणारं कारण जागेवरच आहे. जुनं वाइंडिंग टाकून देण्याआधी त्याचा फोटो घ्यायला सांगा, कारण जळण्याच्या खुणा बोलतात. स्टार जोडणीत दोन फेजची वेटोळी काळी आणि तिसरी स्वच्छ, म्हणजे एक फेज गेलेली असताना मोटर चालली. तिन्ही सारखी करपलेली, म्हणजे जास्त भार, कमी व्होल्टेज किंवा थंडावा कमी. एकाच जागी भगदाड, म्हणजे तिथलं इन्सुलेशन गेलं.

एक फेज गेली असेल तर आधी कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) पाहा. कॉम्प्रेसर चालू असताना प्रत्येक पोलच्या वरच्या आणि खालच्या टोकामध्ये व्होल्टेज मोजतात. दोन पोलवर सारखं आणि तिसऱ्यावर कितीतरी जास्त आलं, तर तो पॉइंट जळालेला आहे. चालू पॅनेलवरची ही मोजणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पॅनेलमध्ये आहे का आणि तो चालतो का हेही तपासायला सांगा. अनेक पॅनेलमध्ये तो असतो, पण कधीतरी बायपास केलेला असतो.

मग फेजमधला असमतोल. समजा तीन आकडे ४१०, ४२० आणि ३९४ आले. सरासरी ४०८, सरासरीपासून सगळ्यात लांबचा ३९४, फरक १४, म्हणजे ३.४ टक्के. दिसायला किरकोळ. पण वाइंडिंगची तापमानवाढ या टक्केवारीच्या वर्गाच्या दुपटीने चढते : ३.४ चा वर्ग ११.६, त्याची दुप्पट सुमारे २३ टक्के. करंटमधला फरक तर व्होल्टेजच्या फरकाच्या कित्येक पट असतो. दोन टक्क्यांच्या वर असमतोल असेल तर शीतखोलीतले सिंगल फेजचे दिवे, पंखे, हीटर एकाच फेजवर आले आहेत का ते पाहून वाटून द्या. तरी राहिला तर तो बाहेरून येतो आहे.

तिसरी गोष्ट गॅसची. सेमी-हर्मेटिक मोटर बहुधा परत येणाऱ्या थंड गॅसनेच गार होते. गॅस कमी असेल तर खोली गार व्हायला वेळ लागतो, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि मोटरवरून जाणारा गॅसही अपुरा.

आणि दुसऱ्यांदा जळण्याचं एक कारण पहिल्या जळण्यातच असतं. वाइंडिंग जळताना तेलात आम्ल तयार होतं. नुसती मोटर बदलून तेच तेल, तोच ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर) ठेवला, तर ते आम्ल नव्या वार्निशला खातं. तेल बदलणं, आम्ल शोषणारा ड्रायर आणि सक्शन फिल्टर बसवणं, काही दिवस चालवून आम्लाची चाचणी करणं आणि गरज पडल्यास ड्रायर पुन्हा बदलणं हे सगळं झालं होतं का, ते विचारा. तुमच्या कॉम्प्रेसरच्या डब्यात तीन मोठ्या पिनांशिवाय दोन छोट्या पिना असतील तर त्या वाइंडिंगमधल्या तापमान-सेन्सरच्या आहेत. त्यांना मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) कधीही लावायचा नाही.

प्रश्न : इन्व्हर्टर फ्रिजच्या तिन्ही जोड्यांत सारखाच आकडा येतो, साडेआठ ओहम. बेरीज जुळत नाही. शॉर्ट समजायचं का? (एक मेकॅनिक, हडपसर)

नाही, तो निरोगी आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये कॉमन, स्टार्ट, रन असं काही नसतं. आत थ्री फेजची मोटर असते, पिनांना यू, व्ही, डब्ल्यू म्हणतात, आणि तिन्ही आकडे सारखे येणं हीच तिची खूण. एखादा वेगळा आला तर काळजी. तिला रिले, कपॅसिटर किंवा थेट २३० व्होल्ट ‘बघू चालतो का’ म्हणून कधीही लावू नका. मोटर आणि रोटरचे चुंबक दोन्ही जाऊ शकतात. आकडे समान आणि बॉडीकडे काही नाही, तर संशय बोर्डावर आणि बोर्डापासून पिनांपर्यंतच्या वायरींवर घ्या. बोर्डावर साठलेलं डीसी व्होल्टेज सव्वातीनशेच्या घरात असतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतं. पाच मिनिटं थांबा, मग मोजून शून्याजवळ आल्याची खात्री करा, मगच हात घाला.

प्रश्न : पावसाळ्यात फ्रिज लावला की ईएलसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडतो, पण मीटरने बॉडी शॉर्ट दिसत नाही. (एक वाचक, कर्वेनगर)

मीटर स्वतःच्या दोन-चार व्होल्टवर मोजतो, त्यामुळे २३० व्होल्टला होणारी गळती त्याला दिसत नाही. ५०० व्होल्टचा मेगर लागतो. पण आधी कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना मोकळ्या करून फ्रिज लावून पाहा. तरीही ईएलसीबी पडला तर दोष डीफ्रॉस्ट हीटर, दिवा किंवा वायरिंगमध्ये आहे. दमट हवेत हीटरची शक्यता मोठी. पिना मोकळ्या करताना सुट्या वायरींची टोकं नीट टेप करून झाकण लावा, आणि मगच प्लग घाला. ईएलसीबी नाही पडला, तर प्लग काढून एका पिनेपासून तांब्याच्या नळीपर्यंत मेगर करा. दहा-वीस मेगओहम आले तर छान. एक-दोन मेगओहमच्या खाली आले तर कॉम्प्रेसर शंकास्पद. मात्र टर्मिनलभोवतीची धूळ आणि ओल कोरड्या कापडाने पुसून पुन्हा मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

मेकॅनिक मंडळींना एक कळकळीची सूचना : सिस्टिमवर व्हॅक्यूम असताना मेगर लावू नका, कॉम्प्रेसरही सुरू करू नका. विरळ हवेत पिनांमध्ये सहज ठिणगी उडते आणि चांगलं वाइंडिंग तिथल्या तिथे जातं.

प्रश्न : टर्मिनलजवळ तेलाचा ओलावा दिसतो आणि एक लग (वायरीच्या टोकाची, पिनेवर बसणारी धातूची टोपी) काळा पडला आहे. लग बदलून काम भागेल का? (एक मेकॅनिक, येरवडा)

दोन्ही खुणा एकाच गोष्टीच्या असू शकतात. लग सैल होता, तिथे उष्णता झाली, आणि ती पिनेभोवतीच्या काचेपर्यंत पोचली. प्रत्येक पिन टाकीच्या पत्र्यात वितळवलेल्या काचेने बसवलेली असते. ती काच वीजही अडवते आणि गॅसचा दाबही. तडा गेला की तिथून गॅस आणि तेल झिरपतं. साबणाच्या पाण्याने गळती बघताना वीज पूर्ण बंद ठेवा. काचेतून फुगे आले तर तो कॉम्प्रेसर वाचत नाही. त्यावर एम-सील किंवा झाळ लावून चालवू नका. फुगे नसतील तर पिन घासून, चांगल्या पकडीचा उष्णता सोसणारा नवा लग क्रिम्प करून बसवा. हाताने सहज निघतो असा लग लावूच नका.

या कामात जिवाचा धोका आहे, म्हणून तो स्पष्ट लिहितो. आत वाइंडिंग शॉर्ट होऊन टर्मिनलपाशी ठिणगी उडाली, तर काच फुटून पिन गोळीसारखी बाहेर येते, मागोमाग गरम तेल आणि गॅसचा फवारा, आणि तो पेट घेऊ शकतो. म्हणून टर्मिनलचं झाकण उघडं ठेवून कॉम्प्रेसरला वीज द्यायची नाही. करंट मोजायचा तर क्लॅम्प मीटर वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा आणि टर्मिनलच्या समोर तोंड करून बसायचं नाही. वारंवार ट्रिप होणारा एमसीबी आधी मेगर न करता पुन्हा पुन्हा चढवणं हा याच अपघाताचा रस्ता आहे.

नव्या फ्रिजवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर त्यात आयसोब्युटेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच नातेवाईक. प्रमाण थोडं, घरगुती फ्रिजमध्ये दीडशे ग्रॅमच्या आत, पण बंद स्वयंपाकघरात तेवढं पुरतं. गॅसची सिस्टिम उघडायची असेल तर खिडक्या उघडा, गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडा, नळी कटरने कापा. गॅस पूर्ण निघाल्याशिवाय झाळायची गॅसबत्ती पेटवायची नाही. रिले बदलताना त्याच फ्रिजसाठीचा बंदिस्त रिलेच घ्या. उघड्या पॉइंटचा रिले तिथे ठिणगी पाडतो.

प्रश्न : बर्फाच्या कारखान्यात मोटर कॉम्प्रेसरच्या बाहेर, पट्ट्याने जोडलेली का असते?

तिथे गॅस म्हणून अमोनिया असतो. ओलाव्यासोबत तो तांब्याला खातो, म्हणून तांब्याचं वाइंडिंग गॅसच्या आत ठेवून चालत नाही. मोटर बाहेर, शाफ्ट सीलमधून आत. मोटर जळाली तर गॅसला हात न लावता ती बदलता येते. बदल्यात ते सील गळतीसाठी सतत पाहावं लागतं.